आमच्या फडाला अध्यक्ष नाही

सन दोन हजार एकोणीस. जानेवारी सरत आला होता आणि मला बाहत्तरावं वर्ष लागलं होतं. गहू पोटरीत होता. ज्यानं गहू केला आहे त्याला पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, पोटरीतल्या, म्हणजे ओंबी अजून पानाआड असलेल्या गव्हाला पाणी चुकलं की ओंबी येते ती पोकळ, आत दाणा नाही. आणि आमच्या फडाच्या शेपटाला पाणी पोचायचं थांबलं होतं. आदला पावसाळा कोरडा गेलेला, विहिरींनी कधीच हात वर केलेले. पाटाचं पाणी आलं तर गहू, नाही तर गुरांना वैरण.

फड म्हणजे काय ते आधी सांगतो. आमचं गाव बागलाणात. नदीवर जुना दगडी बंधारा आहे. तो कुणी बांधला, हे मी लहानपणी आज्याला विचारलं होतं. आजा म्हणाला, "मला माझ्या आज्यानं सांगितलं नाही, तुला मी कुठून सांगू?" त्या बंधाऱ्यातून पाट निघतो. पाटाखाली भिजणाऱ्या जमिनीचे चार भाग आहेत, त्या एकेका भागाला फड म्हणायचं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे तहान सगळ्यांची सारखी आणि एकाच वेळची. कुठं गहू, कुठं हरभरा, पाणी कमी असलं तर कोणता फड पडीक, हे दिवाळीआधी मारुतीच्या पारावर ठरतं. तिथं खुर्ची नसते, हात वर करणं नसतं. शेवटचा माणूस 'बरं, चालू द्या' म्हणेपर्यंत कुणी उठत नाही. तो शेवटचा माणूस बहुतेक वेळा मी असतो, त्यामुळं लोकांना लय वेळ बसावं लागतं.

पाणी सोडायला पाटकरी असतो. त्याची स्वतःची पाटाखाली वीतभर जमीन नसली पाहिजे. आमचा पाटकरी मुसलमान, त्याचा बापही हेच करायचा. सुगीला प्रत्येक घरून त्याला धान्य जातं. तो कुणाचा नोकर नाही आणि कुणाचा साहेब नाही. पाणी शेपटापासून भिजवत वर यायचं, तोंडाशी ज्याचं शेत त्याची पाळी शेवटी. आणि एक गोष्ट अशी, की ती नियम म्हणून मला कुणी कधी सांगितली नाही, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. प्रत्येक घराचा एकेक तुकडा प्रत्येक फडात असतो. एका फडात मी पाटाच्या तोंडाशी, तर दुसऱ्यात पार शेपटाला. इकडं मी पाटील आणि तिकडं मीच हात पसरून उभा. असा माणूस दुसऱ्याची कळ काढायला धजत नाही.

ही घडी माझ्या व्याह्यानं मोडली.

धाकटी मुलगी मी गावातच दिली आहे. व्याही कामाचा माणूस, डोक्यानं चलाख. त्यानं हळूहळू अदलाबदल करून आपले शेपटाचे तुकडे लोकांना दिले आणि तोंडाचे घेतले. देताना रस्त्याकडेचे चांगले तुकडे दिले, म्हणून लोक खूष. आता त्याचं सगळं शेत एका जागी, पाटाला लागून. तिथं त्यानं डाळिंब लावलं, मोठं शेततळं खोदलं, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला. आम्ही सगळे बघायला गेलो होतो, चहा पिऊन आलो. म्हणजे मी सोडून बाकीचे चहा पिऊन आले. मी पोरीच्या सासरी पाण्याचा थेंब घेत नाही. आमच्यात जुनी रीत आहे ती. बाकीच्यांनी सोडली, मी सोडली नाही.

तर त्या जानेवारीत पाटकरी माझ्याकडं आला आणि ओट्यावर न बसता उभाच राहिला.

"आबा, बंधाऱ्यातून पानी तेवढंच निघतंय. जातंय कुठं, ते बघायला तुमीच चला. मैं बोलूंगा तो लोग बोलेंगे, यानं भांडण लावलं."

मी गेलो. व्याह्याच्या बांधाला पाटात मोटार सोडलेली, निळा पाइप थेट शेततळ्यात. तळं अर्ध्याहून वर भरलेलं. पाटकरी माझ्या तोंडाकडं बघत होता, कारण ती मोटार माझ्या पोरीच्या सासरची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर सगळा फड जमला. व्याही आला नाही. आमच्या गावात निवृत्त गुरुजी आहेत. माझ्या चारही पोरांना त्यांनी शिकवलं, मला शिकवायचं राहून गेलं म्हणून ते अजून प्रयत्न करतात. त्यांचीही गव्हाची पट्टी माझ्या शेजारीच.

"आबा, याला अराजक म्हणतात," गुरुजी म्हणाले. "राजा नाही, कायदा नाही, शिक्षा नाही. चांगल्या वर्षी चालून जातं. वाईट वर्षी ज्याची मोटार मोठी त्याचं राज्य."

"मग काय करायचं म्हणता?"

"संस्था नोंदवू. अध्यक्ष, सचिव, शिक्का. दंड करायचा अधिकार पाहिजे कुणाला तरी. मी अर्ज लिहून आणलाय. आणि अध्यक्ष म्हणून तुमचंच नाव घातलंय."

खोटं कशाला सांगू, ऐकायला गोड लागलं. मी चौथीत दोनदा बसलेला माणूस. लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढं 'अध्यक्ष' असं छापून येईल, सटाण्याच्या बाजारात लोक रामराम घालताना थांबतील, हे सगळं मी त्या एवढ्या वेळात डोळ्यांपुढं बघून घेतलं. मग मला दुसरंही दिसलं.

"गुरुजी, मी अध्यक्ष किती वर्षं राहीन? मी मेल्यावर निवडणूक लागेल. व्याही उभे राहतील. डाळिंबाचा पैसा आहे, निवडून येतील. मग त्यांना पाटात मोटार टाकायची गरजच नाय. ठराव करून पाणी नेतील, आणि खाली शिक्का तुम्हीच मारून द्याल."

पार हसला. गुरुजीही हसले, पण सोडणारे नव्हेत. "बरं, मग शिक्षा कोण करणार ते सांगा."

मागून एक तरणा गडी ओरडला, "मोटार उपटून नदीत फेकू! शिक्षा झाली!"

"फेक," मी म्हटलं. "उद्या ते तुझी फेकतील. परवा ज्याच्या घरात गडी जास्त त्याचं पाणी. गुरुजी ज्याला भितात ते हेच. तुला ते चालू करायचं असेल तर जा."

गडी खाली बसला. पण आता पुढं काय, हे कुणालाच सुचेना. जो तो दुसऱ्याकडं बघू लागला. तेवढ्यात अगदी शेपटाला जिचं शेत आहे ती म्हातारी उठली. नवरा जाऊन लय वर्षं झाली, एकटी कसते. माहेर मालेगावकडचं, तिनं आपली अहिराणी कधी सोडली नाही.

"मना गहू वाळी राह्यना, आन तुम्ही कागद करी राह्यनात?" ती म्हणाली. "आते कोनी वाट देखी राह्यनात?"

माझा गहू वाळतोय आणि तुम्ही कागद करताय, आता कुणाची वाट बघता, असं ती विचारत होती. आणि तिच्या शेतात उरलेली ओल बघता तिचं बरोबर होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर पाणी आलं काय नि नाही आलं काय.

मी म्हणालो, "उद्या बांधावर जेवू."

जुन्या लोकांच्या माना हलल्या, तरण्यांना काही कळेना. हा आमच्या फडाचा रिवाज. मिसरूड फुटत होतं तेव्हा मी एकदा पाहिला होता, त्यानंतर गरज पडली नाही. कुणी पाळी सोडून पाणी घेतलं तर सगळ्या फडानं भाकरी बांधून त्याच्या बांधावर दुपारचं जेवायला जायचं. पाण्याचा विषय काढायचा नाही. शिवी नाही, घोषणा नाही. ज्याचा बांध त्यानं तांब्या आणून सगळ्यांना प्यायला पाणी द्यायचं आणि सगळ्यांनी ते प्यायचं. त्यानं दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. वाळीत टाकण्याच्या हे बरोबर उलट आहे. वाळीत टाकलेला माणूस एकटा पडून कडू होतो. इथं त्याला एकटं राहूच द्यायचं नसतं.

"आबा, तुम्ही नका येऊ," कुणीतरी हळूच म्हणालं. "पोरीचं सासर हाय."

"म्हणून तर मी पुढं चालणार," मी म्हटलं.

घरी बायकोनं वेगळाच सूर लावला. "पोरीला तिथं नांदायचंय. उद्या टोमणे कोण खाणार, तुमचा फड?"

मी उद्याच्या भाकरीसाठी फडकं शोधायला लागलो. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायकोला त्याचा अर्थ कळतो. सकाळी तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, ठेचा वाटला आणि फडक्यात माझ्या भुकेपेक्षा जास्त भाकरी बांधल्या. "एक व्याह्यांना द्या. रिकाम्या हातानं पोरीच्या दारात जाऊ नका."

दुपारी आम्ही व्याह्याच्या बांधावर ओळीनं बसलो. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. गुरुजी धोतर सावरत माझ्या शेजारी. मोटार घरघरत होती, पाइपातून पाणी तळ्यात पडत होतं आणि आम्ही फडकी सोडून कांदा फोडत होतो. व्याह्याचं घर शेतातच आहे. दार लोटलेलं होतं.

बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. भाकरी कोरडी, घास घशात अडकायला लागले. म्हातारी मुद्दाम मोठ्यानं खोकली. तेव्हा दार उघडलं आणि व्याही बाहेर आला.

"हे काय नाटक?"

"जेवायला आलोय," मी म्हणालो. "बसा. तुमच्या विहीणबाईंनी भाकरी पाठवलीय तुम्हाला."

"माझ्या शेतात मला विचारल्याशिवाय?"

"बांध दोघांचा असतो, व्याही. आम्ही पाटाकडच्या अर्ध्यावर बसलोय."

तो काही बोलणार तेवढ्यात घरातून त्याची बायको, आमच्या विहीणबाई, हंडा घेऊन आल्या. पाठीमागं माझी मुलगी, हातात तांब्या नि ठेच्याची वाटी. विहीणबाईंनी नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, पण बोलल्या त्यालाच, "सारा गाव दारात कोरडं जेवतोय आणि तुम्ही आत दडून बसले. माझ्या दारात कुणाला ठसका लागला तर नाव कुणाचं जाईल?"

इथं माझी चूक माझ्या लक्षात आली. पार माझा, रिवाज माझ्या तोंडून निघालेला, आणि मी एक गोष्ट विसरलो होतो. ज्याचा बांध त्याचं पाणी सगळ्यांनी प्यायचं. सगळ्यांत वडील मी. पहिला तांब्या माझ्याकडं येणार होता, आणि तो पोरीच्या सासरचा तांब्या होता.

व्याह्याच्याही ते लक्षात आलं. तो हसला, बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला.

"द्या, द्या, आबांना आधी द्या," तो म्हणाला. "आमचं पाणी चालतं का बघू. नातीच्या बारशाला आले तेव्हा बाहेर हापशावर जाऊन प्याले होते!"

ओळ थांबली. चावणं थांबलं. मी प्यालो नाही तर बांधावरचं जेवण मोडलं, कारण एकानं नाकारलं की ते उरत नाही. प्यालो तर इतक्या वर्षांची माझी रीत गेली, आणि ती सुद्धा अख्ख्या गावापुढं. मुलगी तांब्या धरून उभी होती. तिनं तो पुढं केला नाही, मागंही घेतला नाही. मला कुणी 'प्या' म्हणालं नाही. गुरुजी म्हणाले असते तर मी प्यालो नसतो, माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मी हात पुढं केला, तांब्या घेतला आणि तोंड न लावता वरून गटागटा रिकामा केला. मिशा पुसल्या. "गोड आहे," म्हटलं. "आता खालच्यांना द्या."

मुलगी तोंडाला पदर लावून हसली का रडली ते मी बघितलं नाही. तांब्या ओळीतून फिरला. पाटकरी प्याला, गुरुजी प्याले, काल मोटार फेकायला निघालेला गडी प्याला. शेवटी व्याही माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्या बायकोनं पाठवलेली भाकरी त्यानं मोडली. एक घास खाऊन झाल्यावर तो त्या दिवशी पहिल्यांदा खरं बोलला.

"आबा, झाडं जातील माझी. डाळिंबाचा आंबे बहार धरलाय. आता पाणी तुटलं तर सगळी फुलं गळून पडतील."

"हे पारावर का नाय बोललात?"

"पारावर डाळिंबाला कोण विचारतो? फडात गहू म्हणजे गहू."

त्यात तथ्य होतं. आम्ही सगळ्यांनी त्याचं डाळिंब बघितलं होतं आणि ते कोणत्या फडात बसतं हे कुणी ठरवलंच नव्हतं. पाण्याचा विषय आम्ही काढायचा नव्हता. त्यानं काढला, म्हणून आता बोलायला मोकळीक होती. आणि मग बांधावरच बोलणं सुरू झालं. गव्हाचं एक पाणी शेपटापासून तोंडापर्यंत पुरं होऊ द्यायचं. त्यानंतर दुसरं सुरू व्हायच्या आधी पाटकऱ्यानं तळ्याला पाणी द्यायचं, मोटार न लावता, पाटातून फुटणाऱ्या चारीनं, इतरांच्या पट्टीला मिळतं तेवढंच. झाडं जगतील. फळ थोडं लहान राहील. आमचाही दाणा त्या वर्षी थोडा बारीकच राहणार होता.

"आणि एक तुकडा शेपटाचा परत घ्या, व्याही," मी म्हणालो. "शेपटाला पाय असल्याशिवाय तोंडाशी बसलेल्याला काय कळतं?"

"कुणाचा घेऊ? आता कोण देतो?"

म्हातारी पलीकडून म्हणाली, "मना ल्या." माझा घ्या.

एक क्षण कुणाला उमगलं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. तिच्या शेपटाच्या पट्टीच्या बदल्यात व्याह्याची पाटाच्या तोंडाची एक पट्टी तिला, या सुगीनंतर. व्याही बघतच राहिला. सासरी आल्यापासून ती बाई या फडात पाटाच्या तोंडाशी कधी नव्हती. विहीणबाईंनी रिकामा हंडा दाणकन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हो म्हणा की आता!"

"बरं," व्याही म्हणाला. "चालू द्या."

तो उठला, पाटात उतरला आणि मोटार त्यानं स्वतः बाहेर काढली. पाणी थोडं घुटमळलं, मग खाली निघालं.

गुरुजी अजून भाकरी चावत होते. त्यांना दात कमी आहेत. "आबा," ते म्हणाले, "हा ठराव मांडला कुणी?"

"कुणी नाय."

"अनुमोदन?"

"म्हातारीचं."

"नोंद कुठं आहे?"

पाटकरी बोटं चाटत म्हणाला, "मेरे ध्यान में है, गुरुजी. आणि इथं एवढे लोक बसलेत, सगळ्यांच्या ध्यानात हाय. कितने लोगों को भूलना पडेगा?"

गुरुजींनी घडी घातलेला अर्ज खिशातून काढला, त्यावर उरलेला ठेचा ठेवला आणि तो संपवला. "तुमचं अराजक आहे, यात वाद नाही," ते म्हणाले. "पण नियम सरकारी कचेरीपेक्षा जास्त आहेत. रजा तर अजिबात नाही."

मी त्यावर बराच विचार केला आहे. वर्तमानपत्रात अराजक लिहितात तेव्हा जाळपोळ, पळापळ, दुकानं फोडलेली असं काही दाखवतात. असेल तेही. पण मी जे आयुष्यभर पाहिलं त्यात राजा नव्हता आणि पळापळही नव्हती. उलट राजा असता तर आमच्यातल्या निम्म्या लोकांनी विचार करायचं सोडून दिलं असतं. त्याच्याकडं बोट दाखवलं असतं आणि झोपले असते. आमच्याकडं बोट दाखवायला माणूसच नाही, म्हणून प्रत्येकाला आपापला हात आवरावा लागतो. हे सोपं नाही. व्याह्याला जमलं नाही, उद्या मला जमणार नाही, तेव्हा लोक माझ्या बांधावर जेवायला येतील. यावं त्यांनी. आमचा पाट सरळ नाही, चढउतार बघून वळत वळत जातो. आमचे नियमही तसेच माणसं बघून वळलेले आहेत. पण पाणी पोचतं. त्या वर्षी, आजूबाजूच्या गावांत गहू उभा वाळला तेव्हा, आमच्याकडं ओंब्या भरल्या. हे मी बाजारात छाती काढून सांगितलं आहे आणि अजून सांगतो. अध्यक्ष नसलो तरी लोक थांबून ऐकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फावडं घेऊन शेतावर गेलो. पाणी पाटातून भरून वाहत होतं, माझ्या बांधाला घासून खाली म्हातारीच्या गव्हाकडं चाललं होतं. पाटकरी चहाला गेलेला, आसपास चिटपाखरू नव्हतं. माझ्या चारीच्या तोंडाशी फक्त ओल्या मातीचं एक ढेकूळ होतं. फावड्याचा एक घाव घातला असता तर पाणी आत आलं असतं. मी फावडं आडवं टाकलं आणि त्याच्या दांड्यावर बसून राहिलो. ऊन अंगावर आलं. मग खालून म्हातारीचा आवाज आला, "मनं व्हई गयं, आबा!" तिचं झालं होतं, आता पाळी माझी. तेव्हा मी उठलो आणि माझ्या चारीचं दार फोडलं.